तीन हवामानांचं घर

४ जानेवारी

आजपासून दैनंदिनी. वनस्पतीप्रेमी मंडळाच्या चिटणिसांनी कालच्या सभेत खडसावून सांगितलं, की ऑगस्टच्या प्रदर्शनात 'दुर्मिळ' विभागात भाग घ्यायचा असेल तर लेखी नोंदी हव्यातच. नुसती कुंडी उचलून आणली आणि टेबलावर ठेवली, हे यंदा चालणार नाही. बोलताना त्यांचं लक्ष दातांच्या डॉक्टरांकडे होतं असं मला वाटलं. डॉक्टर सलग तीन वर्षं पहिले येताहेत. माणूस दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो, याला झाडांकडे बघायला वेळ कधी मिळतो, देव जाणे.

तर परिस्थिती अशी. घर तिसऱ्या मजल्यावर: हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, बाथरूम, पश्चिमेला गॅलरी. माणसं दोन, मी आणि ही. मी वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक. चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले, त्यामुळे मोजमापाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. गॅलरीत वाळवंट केलंय: निवडुंग आणि दगडासारखी दिसणारी झाडं, एकूण अकरा कुंड्या. बाथरूममध्ये वर्षावन: ऑर्किडं सात, किडे खाणारी सुरई एक. राहिला तो बर्फाळ डोंगर. तो डॉक्टरांकडे नाही. तो आता आपल्याकडे येणार.

एसी बेडरूममध्येच आहे, म्हणजे डोंगरही तिथेच. हिला सांगितलं. ही म्हणाली, "आणि आपण झोपायचं कुठे?"

"तिथेच की. फक्त पांघरूण जाड घ्यायचं."

ही काही बोलली नाही. संमती आहे असं धरलं.

१२ जानेवारी

बियाणं आलं. साठ बिया, प्रत्येक मोहरीच्या निम्मी. चार हजार मीटर उंचीवरचं झाड, तळहाताएवढं निळंशार फूल. नुसतं वाचूनच अंगावर काटा येतो.

आधी बियांना आठ आठवडे हिवाळा द्यायचा असतो. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्या. भाज्या बाहेर काढाव्या लागल्या. ही विचारत होती, भाज्या कुठे ठेवू. मी म्हटलं, रोज ताज्या आणत जा, तब्येतीला बऱ्या.

माझ्या पद्धतीप्रमाणे नव्या झाडाचं कार्ड केलं. खात्यातून निघताना कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा मिळाला होता, तो आता कामी येतोय. नाव, मूळ प्रदेश, उजेड, पाणी, तापमान, काय सोसत नाही, बहर, शेरा. प्रत्येक झाडाचं कार्ड पत्र्याच्या पेटीत. उद्या मी नसलो तरी कोणीही पेटी उघडावी आणि झाडं जगवावीत.

३० जानेवारी

वर्षावनाबद्दल एक गमतीशीर निरीक्षण. मी अंघोळ केल्यावर बाथरूममधली आर्द्रता चौऱ्याहत्तरवर जाते, हिने केली की एक्याऐंशीवर. तीन दिवस तपासलं, फरक पक्का आहे. कारण कळत नाही. हिला दिवसातून दोनदा अंघोळ करायला सुचवलं. साबण अर्थात नको, फेस पानांवर उडतो.

ही म्हणाली, "बिनसाबणाची दोनदा करण्यापेक्षा साबणाची एकदा करते."

असहकार, दुसरं काय.

१० मार्च

आज पेरणी. माती गच्चीवरच्या जुन्या कुंड्यांमधली. कढईत भाजून निर्जंतुक केली. खरं तर अर्धीच भाजली, बाकी अर्ध्या मातीला ही कढई द्यायला तयार होईना. एसी सोळावर लावला. यंत्र त्याच्या खाली जात नाही ही कारखानदारांची मर्यादा, माझी नव्हे.

ट्रे हिच्या ड्रेसिंग टेबलावर ठेवले, कारण आरसा दिव्याचा उजेड परत फेकतो. हिच्या बाटल्या, कंगवे, डब्या स्वयंपाकघरातल्या फळीवर हलवल्या. या आरशाचा इतका चांगला उपयोग गेल्या तीस वर्षांत झाला नव्हता. हे मी हिला बोलूनही दाखवलं.

२८ मार्च

उगवलं! साठात एक, पण उगवलं! दोन पानं, हिरवीगार, काय ऐट!

हिला हाताला धरून आणलं. हिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "अहो, हे तण आहे. गच्चीवरच्या पन्हाळीत असलंच उगवतं. मी कपडे वाळत घालायला जाते तेव्हा रोज बघते."

मला हसूच आवरेना. मग शांतपणे सगळं समजावून सांगितलं: उंची, हिमरेषा, पानांवरची लव. चाळीस मिनिटं लागली. ही शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती. दातावर दात आपटत होते तिचे. विषयच तसा आहे.

१५ एप्रिल

ही आता हॉलमधल्या सोफ्यावर झोपते. याचा एक अनपेक्षित फायदा झाला: बेडरूमचं तापमान अर्ध्या अंशाने उतरलं. माणसाचं शरीर म्हणजे एक शेगडीच, हे आपल्या लक्षात येत नाही. मंडळापुढे मांडण्यासारखा मुद्दा आहे. मी स्वतः कानटोपी, मोजे आणि दोन स्वेटर घालून तिथेच झोपतो. झाडाला सोबत हवी.

लेकीचा फोन आला. पलीकडच्या उपनगरात राहते, बसने पाऊण तास. म्हणाली, "बाबा, आई कशी आहे? खोकतेय ना अजून?"

मी सांगितलं, चार पानं आली.

२२ मे

दातांचे डॉक्टर आले होते. 'सहज' म्हणे. मला काय ते कळत नाही? बेडरूमचं दार मी उघडलंच नाही. गॅलरी आणि बाथरूम दाखवलं. सुरईने मुंगी धरलेली बघून त्यांनी तोंडभर कौतुक केलं, ते मात्र मनापासून वाटलं.

नंतर ते स्वयंपाकघरात हिच्याशी बोलत बसले. ही हसल्याचा आवाज आला. बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता, म्हणून आधी वाटलं शेजारच्या घरातून येतोय. डॉक्टर हिच्याकडून माहिती काढत असणार, दुसरं काय! जाताना मला दारात म्हणाले, "साहेब, वहिनींचा खोकला साधा वाटत नाही हं. त्यांना जरा उबेत ठेवा."

उबेत! म्हणजे एसी बंद करा! डाव माझ्या बरोब्बर लक्षात आला.

१४ जून

वाळवंटात गर्दी झाली, म्हणून पाच निवडुंग हॉलमध्ये आणले. त्यांना दिवसाचे दहा तास कडक उजेड लागतो. मोठा दिवा सोफ्याच्या वर टांगला, कारण छताला हूक तिथेच होता.

दुपारी ही म्हणाली, "बेडरूममध्ये गारठायचं, हॉलमध्ये भाजायचं, बाथरूममध्ये बुरशी. आता स्वयंपाकघरात काय आणणार आहात?"

मी म्हटलं, स्वयंपाकघराचं हवामान समशीतोष्ण आहे, तिथे सध्या काही विचार नाही. पण ही स्वतःहून विचारतेय म्हणजे हळूहळू गोडी लागतेय. बरं वाटलं.

२९ जून

ही लेकीकडे गेली. चार दिवस हवापालट.

लेक स्वतः न्यायला आली होती. दोन बॅगा, रेडिओ, उशी. चार दिवसांना रेडिओ कशाला, असं मनात आलं, पण बायकांच्या सामानाबद्दल आपण बोलू नये. लेक माझ्याशी फारसं बोलली नाही. गॅलरीपासून बाथरूमपर्यंत सगळं घर एकदा फिरून आली आणि म्हणाली, "बाबा, या घरात आईला पाठ टेकायला एक जागा दाखवा. एक."

मी स्वयंपाकघर म्हणणार होतो, पण तिचा चेहरा बघून गप्प बसलो. तापट आहे. माझ्यावर गेलीय.

ही दारात थांबली. म्हणाली, "तुमच्यासाठी सगळं लिहून ठेवलंय. पेटीत आहे."

कुठल्या डब्यात डाळ आणि कुठल्यात साखर, ते असणार. मी बरं म्हटलं. बेडरूमचं दार तेव्हा उघडं होतं आणि जिन्यावरून गरम झोत येत होता, म्हणून म्हटलं, "जरा पटकन निघ, गार हवा बाहेर चाललीय."

ही निघाली. झाडाला कळी धरलीय असं वाटतं.

७ जुलै

लेकीचा फोन. सरळ सांगते म्हणाली. "आईला छातीत कफ झालाय, औषध चालू आहे. ती म्हणते, तिला तिची खोली परत मिळाल्याशिवाय ती घरी येणार नाही. आणि बाबा, ती हे रागाने म्हणत नाहीये. शांतपणे म्हणतेय. त्याचीच मला भीती वाटते."

मी म्हटलं, प्रदर्शन दहा ऑगस्टला आहे, अकरापासून बोलू.

लेकीने फोन ठेवला. हल्ली फोन फार मध्येच तुटतात.

१६ जुलै

वर्षावनाची अवस्था वाईट. आर्द्रता अडुसष्टच्या वर जात नाही. मी दोनदा अंघोळ करून बघितलं, गरम पाण्याच्या बादल्या ठेवल्या, काही उपयोग नाही. दोन ऑर्किडांच्या कळ्या गळल्या. हिला फोन करून विचारलं, ही नक्की किती वेळ आणि किती गरम पाण्याने अंघोळ करते.

हिने तिकडचा रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "एवढ्यासाठी फोन केलात?"

"हो. का?"

फोन तुटला.

हल्ली सकाळी उठलं की डोकं गरगरतं. मोजे घट्ट होत असतील.

३ ऑगस्ट

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. तापमान सोळा. फूल उमललं!

निळं आहे. अगदी निळं. आकाराने मात्र करंगळीच्या नखाएवढं. पुस्तकात तळहाताएवढं म्हटलंय, पण चार हजार मीटर आणि तिसरा मजला यात फरक पडणारच.

मी जोरात हाक मारली, "अगं ए, लवकर ये! फूल आलं!"

कोणी आलं नाही. मग आठवलं. हाक मारल्यावर ओले हात पुसत यायची, नापसंतीने का होईना पण बघायची. हे आता कोणाला दाखवायचं, तेच मला सुचेना. लेकीला फोन करावा तर ती पुन्हा आईचाच विषय काढणार. डॉक्टरांना बोलवावं तर ते प्रतिस्पर्धी. शेवटी आरशात दिसणाऱ्या फुलाकडे बघत बसलो. मागे कानटोपी घातलेला एक म्हातारा दिसत होता. त्याला बघून जरा दचकलोच.

१० ऑगस्ट

लिहायचं की नाही, याचा विचार करतोय. पण नोंद म्हणजे नोंद.

झाड बर्फाच्या पेटीत घालून टॅक्सीने नेलं. सोबत सत्तेचाळीस पानांचे तक्ते. दुर्मिळ विभागात सात जण होते. परीक्षक म्हणून वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक बाई आल्या होत्या. माझ्या टेबलापाशी आल्या, चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला.

"हे कशातून उगवलं?"

मी सगळं सांगितलं. साठ बिया, आठ आठवडे फ्रिज, पाच महिने एसी. त्यांनी तक्ते उघडले. एकेक पान बघितलं. खरंच बघितलं, उगाच चाळलं नाही.

"नोंदी फार सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. "या झाडाच्या इतक्या नोंदी जगात कोणी ठेवल्या नसतील. ठेवायची कोणाला गरजच पडली नसेल." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जरा माझ्याबरोबर बाहेर येता?"

सभागृहाच्या मागे, पायऱ्यांच्या बाजूला, पावसाळी पाइप जिथे जमिनीला टेकतो तिथे ते होतं. एक नाही, वीस-पंचवीस. सगळी फुललेली. माझ्या झाडापेक्षा मोठी, तजेलदार. मधून एक मांजर गेलं.

"तुमच्या साठ बियांपैकी एकही उगवली नसणार," बाई म्हणाल्या. "हे मातीतून आलं. चिवट असतं हो. एसीतही जगलं म्हणजे बघा."

ही मार्चमध्येच म्हणाली होती. हात चोळत, थरथरत म्हणाली होती आणि मी चाळीस मिनिटं तिला हिमरेषा समजावली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आत आलो. माझ्यासाठी खास 'उत्कृष्ट नोंदी' असं प्रशस्तिपत्रक काढलं होतं. टाळ्याही झाल्या. डॉक्टर हसले नाहीत. ते हसले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला, शेजारी बसले आणि म्हणाले, "वहिनी कशा आहेत आता?"

मी म्हटलं, "माहीत नाही." आणि ते खरं होतं.

११ ऑगस्ट

एसी बंद केला. त्या झाडाचं कार्ड फाडायला पेटी उघडली. सगळ्यात मागे एक कार्ड होतं, माझ्या अक्षरातलं नाही. हिच्या. जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

नाव: हे.
मूळ प्रदेश: वजनमापे खातं.
उजेड: वर्तमानपत्रामागे ठेवावं. हलवू नये.
पाणी: चहा तीनदा, साखर अर्धा चमचा. स्वतः मागत नाहीत, रुसून बसतात.
तापमान: लवकर तापतात. पाच मिनिटांत निवतात, तोवर बोलू नये.
काय सोसत नाही: सल्ला, पातळ भाजी, कोणी मध्येच बोललेलं.
बहर: लेक झाली त्या वर्षी. रात्रंदिवस तिला खांद्यावर घेऊन फिरायचे. बघण्यासारखा होता.
शेरा: चष्मा सापडत नसेल तर कपाळावर बघावं. रक्तदाबाची गोळी चहाच्या डब्याशेजारी, रोज सकाळी हातात द्यावी, नाहीतर विसरतात.

गोळी! दीड महिना घेतलेली नाही. आणि मी मोज्यांना दोष देत होतो.

कार्ड तीनदा वाचलं. चूक काढायला एकही जागा नाही. मग एक कोरं कार्ड घेतलं आणि हिचं भरायला बसलो. नाव लिहिलं. मूळ प्रदेश लिहिला. उजेड? माहीत नाही. पाणी: चहा. साखर किती? तीच करते, तीच घालते, मी कधी बघितलंच नाही. तापमान: सोळाला तग धरत नाही, एवढं सिद्ध झालंय. बहर?

तासभर पेन हातात धरून बसलो होतो. दगडासारख्या झाडाला महिन्यात किती थेंब पाणी लागतं हे मला पाठ आहे. मला फार लाज वाटली. कोणी बघत नव्हतं तरी कानटोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

१२ ऑगस्ट

लेकीकडे गेलो. तिने दार उघडलं, माझ्या हातांकडे बघितलं. "झाड कुठंय?"

"झाड नाही. कार्ड आणलंय."

ही स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली होती. वाळलीय. रेडिओ हळू लावलेला. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "तू बरोबर होतीस. ते तण होतं."

"माहितीय," ही म्हणाली. "डॉक्टरांचा फोन आला होता."

"तुझं कार्ड भरायचंय. चहात साखर किती घेतेस?"

हिने माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बसलो. "छत्तीस वर्षं झाली लग्नाला. आता विचारताय?"

"हो."

"मी सांगणार नाही. बघा आणि लिहा."

मग बसून राहिलो. लेकीने चहा आणला. हिने दीड चमचा घातली. लिहिलं.

१३ ऑगस्ट

आजपासून रोज सकाळच्या बसने लेकीकडे. उजेड: सकाळचा, पूर्वेचा. ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवते.

१५ ऑगस्ट

उजवा गुडघा. उठताना टेबलाला धरते. हे कधीपासून आहे?

१८ ऑगस्ट

रेडिओवर गाणं लागलं की बरोबर म्हणते. शब्द हमखास चुकीचे. आज दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं, पण परत मिटलं. लेकीने हे बघितलं आणि माझ्यापुढे आणखी एक बिस्कीट ठेवलं.

२३ ऑगस्ट

ही बोलत असताना मी मध्येच तोडतो. आज चार वेळा. परवा नऊ वेळा.

२ सप्टेंबर

ऑर्किडं आणि सुरई डॉक्टरांना दिली. ते घेताना इतके हरखले की मला त्यांचा रागच येईना. बाथरूमच्या भिंती घासल्या, साबण ठेवला. हॉलमधला दिवा काढला. वाळवंट गॅलरीत, कठड्याच्या आत. ड्रेसिंग टेबल पुसून हिच्या बाटल्या परत मांडल्या, पण कुठली कुठे असायची ते आठवेना. उंचीप्रमाणे लावल्या. चूक असणार.

ते तण टाकायला गच्चीवर गेलो. हिने काल निक्षून सांगितलं होतं, "फेकू नका. त्या बिचाऱ्याचा काय दोष?" म्हणून पन्हाळीत, त्याच्या भाऊबंदांमध्ये लावून आलो.

६ सप्टेंबर

हिला कार्ड दाखवलं. दोन्ही बाजू भरल्यात. हिने चष्मा लावून वाचलं, कुठे हसली, कुठे नाही. 'बहर' पाशी थांबली. तिथे मी लिहिलंय: अनेकदा झाला असावा. माझं लक्ष नव्हतं.

बराच वेळ ही तेवढंच वाचत होती. मग कार्ड परत दिलं नाही, पर्समध्ये ठेवलं.

"आठ दिवस येऊन बघते," म्हणाली. "रुजलं तर रुजलं."

मी 'नक्की रुजेल' म्हणणार होतो. म्हटलं नाही. तो नुसता अंदाज झाला असता.

७ सप्टेंबर

अकरा वाजता आली. दोन बॅगा, रेडिओ, उशी. जिना चढताना दोनदा थांबली, मीही थांबलो.

दारात आल्यावर तिला चपला काढायला वेळ लागतो, गुडघ्यामुळे. एका हाताने भिंत धरली होती. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि जिन्यावरून गरम झोत सरळ घरात येत होता. ही म्हणाली, "दार लावा हवं तर."

मी म्हटलं, "असू दे, सावकाश ये." आणि ती आत येईपर्यंत दार उघडंच धरून उभा राहिलो.